हुगळीच्या दोन काठांवरची जर्मन घराणी

बराकपूरच्या धोबी घाटावरून सुटलेली फेरीबोट हुगळी ओलांडते आणि समोर सेरामपूरला लागते. कोलकात्याच्या उत्तरेला पंचवीसेक किलोमीटरवर, नदीच्या दोन काठांना समोरासमोर वसलेली ही दोन गावे. बंगाली माणूस पलीकडच्या गावाला श्रीरामपूर म्हणतो. आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या श्रीरामपूरशी गल्लत नको म्हणून इथे सेरामपूर असेच लिहितो. त्या काठावर १८०६ साली पूर्ण झालेले सेंट ओलाव्ह चर्च आहे. पुढे खांबांची ओसरी, वर घड्याळाचा मनोरा, आणि दर्शनी भागावर डेन्मार्कचा राजा सातवा क्रिस्तियान याचे मुकुटाखाली गुंफलेले राजचिन्ह. बंगालमधल्या नदीकाठच्या गावात डेन्मार्कचा राजा कुठून आला, हा प्रश्न तिथे जाणाऱ्या प्रत्येकाला पडतो. पुढचा प्रश्न फारसा कुणी विचारत नाही: हा राजा मुळात कुठल्या घराण्यातला?

क्रिस्तियान हा डेन्मार्कचा राजा होता, पण त्याचे घराणे मूळचे जर्मन. वायव्य जर्मनीत हुंटे नदीच्या काठी ओल्डेनबुर्ग नावाचे शहर आहे, तिथल्या मध्ययुगीन सरदारांचा तो वंशज. इकडे बराकपूरवर सत्ता ईस्ट इंडिया कंपनीची आणि कंपनीच्या माथ्यावर राजा तिसरा जॉर्ज. तोही जर्मनीतल्या हॅनोव्हरचा इलेक्टर, आणि वेल्फ या त्याहून जुन्या जर्मन घराण्यातला. म्हणजे १८०० साली ही नदी दोन मध्ययुगीन जर्मन घराण्यांमधली हद्द होती. एवढ्यावर हे थांबत नाही. थोडे उत्तरेला चिनसुरा येथे डचांची वखार होती. अठराव्या शतकाच्या मध्यापासून डच प्रजासत्ताकाचे वंशपरंपरागत प्रमुख असलेले ऑरेंज-नासाऊ हे घराणे जर्मनीतल्या लान नदीकाठच्या नासाऊ गढीतून निघालेले. बराकपूरच्याच काठाला, आजच्या इछापूरजवळ, बांकीबाजार नावाची वखार होती. ती ऑस्टेंड कंपनीची. सम्राट सहाव्या चार्ल्सने, म्हणजे हाब्सबुर्ग घराण्याने, १७२२ साली या कंपनीला सनद दिली होती; इंग्रज-डचांच्या दबावाखाली पुढच्या नऊ वर्षांत ती बुडवलीही. बांकीबाजारची माणसे मात्र १७४४पर्यंत तग धरून होती, मग नवाबाच्या फौजेने त्यांना हाकलले. हाब्सबुर्गांची मूळ गढी आज स्वित्झर्लंडमध्ये येते.

इतकी जर्मन घराणी एका नदीवर कशी जमली, याचे कारण जर्मनीच्या घडणीत आहे. मध्ययुगात जर्मनी हे एक राज्य नव्हतेच. पवित्र रोमन साम्राज्य या छत्राखाली ड्यूक, काउंट, बिशप, मुक्त नगरे अशा शेकडो सत्ता नांदत होत्या. थोरल्या मुलालाच सारे राज्य, ही रीत तिथे फार उशिरा रुजली. तोवर बापामागे मुलांत वाटण्या व्हायच्या, वाटण्यांच्या वाटण्या व्हायच्या, आणि भाऊबंदकी तर पाचवीलाच पुजलेली. परिणामी युरोपात कुठेही गादी रिकामी झाली की तिच्यावर बसायला लायक कुळातला एखादा जर्मन राजपुत्र हाताशी असेच. धर्मसुधारणेनंतर प्रॉटेस्टंट देशांना प्रॉटेस्टंट राजा लागायचा, तोही जर्मनीतच मिळायचा. इंग्लंडने १७०१ साली वारसा कायदा करून कॅथलिकांना गादीपासून दूर ठेवले, तेव्हा नात्याने जवळचे पन्नासाहून अधिक वारस बाजूला पडले आणि १७१४ साली हॅनोव्हरचा वेल्फ इलेक्टर पहिला जॉर्ज म्हणून लंडनला आला.

वेल्फांचे मूळ वैभव पाहायचे तर ब्राउनश्वाइग शहरात जावे लागते. बाराव्या शतकातला सॅक्सनी आणि बव्हेरियाचा ड्यूक हेन्री, ज्याला सिंह म्हणत, त्याची ही राजधानी. म्यूनिक शहराचा आरंभ ११५८ सालचा आणि त्याच्याच नावावर आहे. ब्राउनश्वाइगच्या गढीसमोर ११६६च्या सुमारास त्याने ब्राँझचा एक सिंह उभारला. रोमन काळानंतर आल्प्सच्या उत्तरेला ओतलेले हे पहिले मोठे सुटे शिल्प. चौकात आज त्याची प्रतिकृती आहे, मूळ सिंह पावसापाण्यापासून वाचवायला गढीत नेऊन ठेवला आहे. ११८० साली सम्राटाशी बिनसले आणि हेन्रीची दोन्ही ड्यूकपदे गेली. शिल्लक राहिलेल्या त्या तुकड्यातून पाचशे वर्षांनी वेल्फ पुन्हा वर आले, ते थेट इंग्लंडच्या आणि पर्यायाने बराकपूरच्या गादीवर.

ओल्डेनबुर्गची कहाणी मला याहून जास्त ओढून घेते, कारण ती सेरामपूरच्या कहाणीशी फार जवळून जुळते. बाराव्या शतकाच्या आरंभापासून ओल्डेनबुर्गचा उल्लेख सापडतो. दलदलीचा, कुरणांचा मुलूख, आणि त्यावर हुकूमत करणारे मध्यम वकुबाचे काउंट. १४४८ साली डेन्मार्कचा राजा निपुत्रिक वारला. तिथल्या सरदारांनी गादी श्लेसविगचा ड्यूक आडोल्फ याला देऊ केली. त्याला ती नको होती. त्याने आपल्या भाच्याचे नाव सुचवले. हा भाचा म्हणजे ओल्डेनबुर्गचा बावीस वर्षांचा काउंट क्रिस्तियान. या एका निवडीने एका कोपऱ्यातल्या घराण्याचे दैव पालटले. त्याचे वंशज डेन्मार्कवर राज्य करत राहिले. त्यांची एक शाखा १७६२ साली तिसऱ्या पीटरच्या रूपाने रशियाच्या गादीवर गेली, एक ग्रीसच्या, एक नॉर्वेच्या. प्रिन्स फिलिप याच वंशातले, त्यामुळे आजचा ब्रिटिश राजा तिसरा चार्ल्स पित्याकडून ओल्डेनबुर्गच आहे. हुगळीच्या पलीकडच्या काठचे घराणे असे शेवटी अलीकडच्या काठच्या घराण्याच्या गादीवर येऊन बसले.

मूळ शहर मात्र धाकट्या पातीकडे राहिले. या पातीतला शेवटचा आणि सर्वांत लाडका काउंट आंटोन ग्युंटर. १६०३ ते १६६७ असा त्याने कारभार केला, म्हणजे जर्मनीची राखरांगोळी करणारे तीस वर्षांचे युद्ध सगळेच्या सगळे त्याच्या डोळ्यांसमोर झाले. त्याने आपला मुलूख त्या वणव्यातून वाचवला तो तलवारीने नव्हे, घोड्यांनी. ओल्डेनबुर्गची घोडपैदास त्याने नावारूपाला आणली होती, आणि ज्या सेनापतीची फौज हद्दीशी येई त्याला उमदे घोडे नजर करून तो तिला बाहेरच्या बाहेर वळवी. लांबलचक आयाळीच्या क्रानिख या आपल्या आवडत्या घोड्यावर बसलेले त्याचे चित्र आजही शहरात ओळखीचे आहे. पण औरस संतती नाही, म्हणून त्याच्यामागे ओल्डेनबुर्ग डेन्मार्कच्या राजाकडे, म्हणजे थोरल्या पातीकडे गेले. त्यानंतर शहराची दशा झाली. १६७६ साली वीज पडून लागलेल्या आगीत जुने गाव जवळजवळ बेचिराख झाले. कोपनहेगनला या दूरच्या मुलखाचे सोयरसुतक नव्हते; तिथे एक शिबंदी ठेवली की काम भागे. आगीतून वाचलेल्या मोजक्या वास्तूंत १४६७-६८चा लापान हा मनोरा आहे, एका इस्पितळाच्या देवळाचा. तो राजाने बांधलेला नाही, पण ओल्डेनबुर्गची खूण म्हणून लोक आज त्याचेच चित्र छापतात. आणि १७७३ साली डेन्मार्कच्या राजाने होल्श्टाइनमधल्या वाट्याच्या बदल्यात ओल्डेनबुर्ग देऊन टाकले. ज्या शहराचे नाव घराण्याला लागले ते शहर नकाशावरच्या सोयीसाठी बदल्यात गेले.

आता बंगालकडे येऊ. १७५५ ते १७७३ या अठरा वर्षांत हुंटेकाठचे ओल्डेनबुर्ग आणि हुगळीकाठचे सेरामपूर ही दोन्ही गावे एकाच राजाच्या छत्राखाली होती. १७५५ साली नवाब अलिवर्दी खानाने डॅनिश कंपनीला सेरामपूरला वखार घालायचा परवाना दिला. हा तोच अलिवर्दी खान, ज्याने नागपूरकर भोसल्यांचे सेनापती भास्करराम कोल्हटकर यांना १७४४ साली भेटीला बोलावून दग्याने मारले, आणि ज्याला १७५१ साली नागपूरकर रघुजी भोसल्यांना ओरिसा आणि बारा लाखांची चौथाई कबूल करावी लागली. बंगालमध्ये बारगिरांच्या स्वाऱ्यांची दहशत आजही अंगाईगीतांतून ऐकू येते. हुगळीचा पश्चिम काठ त्या स्वाऱ्यांच्या टापूतला. माणसे जीव मुठीत धरून पूर्वेच्या, म्हणजे बराकपूरच्या काठाला पळत. दहा वर्षांच्या लुटालुटीने खजिना रिकामा झालेल्या नवाबाला परदेशी कंपनीचा नजराणा नकोसा वाटला असेल असे वाटत नाही. वखारीच्या गावाला राजा पाचवा फ्रेडरिक याच्यावरून फ्रेडरिक्सनगर असे नाव पडले. जमिनीचा खंड शेवडाफुलीच्या जमीनदार राजांना जायचा.

ओल्डेनबुर्गांनी भारतात खंड भरला तो काही बंगाल्यांनाच नव्हे. त्यांचे दुसरे ठाणे तमिळ किनाऱ्यावरचे तरंगमबाडी, ज्याला ते ट्रांकेबार म्हणत. १६२० साली तंजावरच्या नायकांकडून ते त्यांनी घेतले. पुढे तंजावरला मराठ्यांचे राज्य झाले आणि डेन्मार्कचा राजा भोसल्यांना वार्षिक खंड देऊ लागला. दुसरे सरफोजीराजे ज्या श्वार्त्सच्या देखरेखीखाली शिकले तो जर्मन पाद्री याच तरंगमबाडीच्या मिशनमधून आलेला. सरफोजींनी तंजावरला देवनागरी छापखाना घातला आणि त्यात मराठी पुस्तक छापले. एका मराठी घराण्याच्या आणि एका जर्मन घराण्याच्या या शेजाराकडे आपल्या इतिहासलेखनाने पुरेसे पाहिलेले नाही असे मला वाटते.

सेरामपूरशी मराठीचा संबंध याहून थेट आहे, आणि तो दोन काठांच्या दोन राजांमुळेच घडला. १७९९ साली इंग्लंडहून मार्शमन आणि वॉर्ड हे बॅप्टिस्ट मिशनरी आले. कंपनीच्या मुलखात परवान्याशिवाय मिशनऱ्यांना थारा नव्हता, आणि परवाना मिळण्याची आशा नव्हती. त्याच वर्षी गव्हर्नर जनरल वेलस्लीने कलकत्त्याच्या वर्तमानपत्रांवर तपासनीस बसवला होता. छापखाना घेऊन येणाऱ्या माणसांचे तिथे स्वागत होणे कठीणच. ते सरळ सेरामपूरला उतरले. तिथला डॅनिश गव्हर्नर ओले बी याने त्यांना आपल्या राजाचे अभय दिले. १७९३ पासून बंगालमध्ये असलेला आणि निळीच्या कारखान्यावर काम केलेला विल्यम कॅरी १० जानेवारी १८०० रोजी त्यांना येऊन मिळाला. त्याच वर्षी छापखाना सुरू झाला. नदी ओलांडून बराकपूरला गेले की वेलस्लीचा हुकूम चाले, सेरामपुरात चालत नसे. पुढे १८०७ साली लॉर्ड मिंटोच्या सरकारने छापखाना कलकत्त्याला हलवा असा तगादा लावला, तेव्हाही डॅनिश गव्हर्नर क्रेफ्टिंग आडवा उभा राहिला.

या छापखान्यात १८०५ साली कॅरीचे मराठी व्याकरण निघाले. त्याला मदत करणारे पंडित वैजनाथ शर्मा नागपूरकडचे. मराठी शब्द देवनागरी खिळ्यांनी छापलेल्या अगदी आरंभीच्या पुस्तकांपैकी हे एक. १८१० साली मराठी-इंग्रजी कोश आला, तो मोडी खिळ्यांनी. मग १८१४ साली सिंहासन बत्तिशी, १८१५ साली हितोपदेश, १८१६ साली राजा प्रतापादित्याचे चरित्र, आणि त्याच सुमारास नागपूरकर रघुजी भोसल्यांची वंशावळी, हीही मोडीत. ज्या रघुजींच्या बारगिरांपासून या नदीकाठची माणसे पळत होती त्यांची कुळकथा साठ-सत्तर वर्षांनी याच काठावर शिशाच्या अक्षरांनी छापली गेली.

त्या मोडी खिळ्यांपाशी जरा थांबावेसे वाटते. मोडीचे सारे चातुर्य हात न उचलता लिहिण्यात. बोरू टेकवला की ओळ संपेपर्यंत अक्षराला अक्षर लागून जाते, आणि कारकुनाचा वेग त्यातूनच येतो. आता हीच लिपी सुट्या खिळ्यांत उतरवायची. आधी पोलादाच्या बारीक कांडीच्या टोकावर अक्षर उलटे कोरायचे, ती कांडी तांब्याच्या तुकड्यावर ठोकून साचा उठवायचा, साच्यात शिसे ओतून खिळा पाडायचा. प्रत्येक खिळा शेजारच्या खिळ्याला असा भिडला पाहिजे की कागदावर रेघ तुटू नये. सेरामपूरला हे काम लोहारकाम करणाऱ्या कुळातल्या पंचानन कर्मकार यांनी सुरू केले आणि त्यांच्यामागे जावई मनोहर यांनी चालवले. दोघांचीही भाषा बंगाली. जी लिपी घरात कुणी लिहीत नव्हते ती त्यांनी पोलादात कोरली. राजांच्या नामावळीपेक्षा मला ही दोन नावे मोठी वाटतात. ११ मार्च १८१२ला छापखाना जळाला, खिळे वितळले, हस्तलिखिते गेली. पोलादी ठसे आणि साचे मात्र राखेतून हाती लागले, म्हणून खिळे पुन्हा पाडता आले आणि काही महिन्यांत छपाई सुरूही झाली.

मराठी व्याकरण १८०५ सालीच का निघाले, हेही स्पष्ट म्हटले पाहिजे. १८०२च्या अखेरीस वसईचा तह झाला, १८०३ साली असई आणि अडगावच्या लढाया झाल्या, आणि मराठी मुलूख कंपनीच्या पंजात येऊ लागला. नव्या मुलखात कारभार करणाऱ्या इंग्रज तरुणांना मराठी शिकवणे भाग होते, म्हणून कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात बंगाली आणि संस्कृत शिकवणाऱ्या कॅरीकडे मराठीही आली. आपल्या भाषेचे छापील रूप तिच्या राज्याच्या पडझडीतून जन्मले. त्याच १८०५ साली मिरजेला गंगाधरराव पटवर्धनांच्या आश्रयाने तांब्याच्या पत्र्यावर कोरून भगवद्गीता छापली गेली होती. पटवर्धन सरदारांचे ते धाडस थोर होते. पण पत्र्यावर कोरलेले पान त्या पानापुरतेच, आणि सुटा खिळा पुन्हा पुन्हा जुळवता येतो; पुढची सारी मराठी छपाई खिळ्यांच्या वाटेने गेली.

वेलस्ली स्वतः या काळात बराकपूरला बाग फुलवत होता. कंपनीच्या छावणीला लागून त्याने नदीकाठी मोठे उद्यान आखले, प्राणिसंग्रह केला, आणि एक भव्य प्रासाद बांधायला घेतला. कंपनीच्या संचालकांनी तो खर्च थांबवला, आणि १८०५ साली त्याला परत बोलावले. समोरच्या काठावर सेंट ओलाव्ह चर्चसाठी ओले बी वर्गणी गोळा करत होता, तेव्हा वेलस्लीने एक हजार रुपये दिले. बराकपूरच्या बागेतून पाहताना समोर एखादा मनोरा असता तर देखावा पुरा झाला असता, म्हणून त्याने ही देणगी दिली, अशी आख्यायिका आहे. आख्यायिका खरी असो नसो, बराकपूरच्या काठावरून आजही तो मनोरा अचूक समोर येतो.

राजघराण्यांखेरीज जर्मनीत घराण्यांची आणखी एक जात होती, आणि तिचाही धागा या काठाला लागतो. सेरामपूरच्या दक्षिणेला लागून रिश्रा आहे. तिथे कंपनीचा गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्ज याचा बागबंगला होता. त्याची दुसरी बायको मारियन ही आधी बॅरन कार्ल फोन इम्होफ या जर्मन चित्रकाराची पत्नी. १७६९ साली हेस्टिंग्ज आणि हे जोडपे एकाच जहाजातून मद्रासला आले. जर्मनीतून घटस्फोटाचा निवाडा येईपर्यंत वर्षे गेली आणि १७७७ साली कलकत्त्यात लग्न झाले. 

हे इम्होफ न्युरेंबर्गचे. न्युरेंबर्ग कुणा ड्यूकचे नव्हते, ते थेट सम्राटाच्या छत्राखालचे मुक्त नगर, आणि त्याचा कारभार मोजक्या व्यापारी कुळांच्या हाती: इम्होफ, टुखर, बेहाइम, हालर, श्ट्रोमर. १५२१ साली नगरसभेने ठरवून टाकले की नगरभवनातल्या नृत्याला कुठल्या कुळांनी यायचे. त्या यादीत बसला तो कुलीन. यातल्या उल्मान श्ट्रोमरने १३९० साली जर्मनीतली पहिली कागदाची गिरणी घातली. मार्टिन बेहाइमने १४९२ साली करवून घेतलेला पृथ्वीचा गोल हा आज टिकून असलेला जगातला सर्वांत जुना गोल. आणि इम्होफांनी १५०५ साली पोर्तुगालच्या व्हाइसरॉय आल्मेडाच्या आरमारात मिरीच्या व्यापारासाठी तीन हजार क्रुझादो गुंतवले. जर्मन व्यापाऱ्यांची एकूण गुंतवणूक छत्तीस हजारांची होती. ते आरमार भारतात पहिल्यांदा थांबले ते आपल्या कारवारजवळच्या अंजदीव बेटावर. तीनच वर्षांनी याच आल्मेडाने दाभोळ जाळले.

न्युरेंबर्गच्या सेंट लोरेन्स चर्चमध्ये हान्स इम्होफने आडाम क्राफ्ट या पाथरवटाकडून १४९३ ते १४९६ या काळात पवित्र प्रसाद ठेवण्याचे एक दगडी शिखर करवून घेतले. करार सातशे गुल्डनचा होता. साधारण वीस मीटर उंच, आणि छताशी जागा संपते तिथे टोक वेलीसारखे वाकलेले. तळाशी गुडघे टेकून सारा भार पेलणारी जी मूर्ती आहे ती क्राफ्टची स्वतःची, हातात अवजारे घेतलेली. १५२५ साली शहर लूथरपंथी झाले. आता त्या शिखराचा धार्मिक उपयोग उरला नाही, आणि अनेक गावांत अशा वस्तू फोडल्या गेल्या. न्युरेंबर्गमध्ये त्या वाचल्या, कारण त्यांवर दात्यांची कुलचिन्हे होती आणि दाते स्वतःच नगरसभेत बसत होते. दुसऱ्या महायुद्धात हे शिखर जागच्या जागी भिंतीत बंदिस्त केले होते, म्हणून २ जानेवारी १९४५च्या बॉम्बफेकीत जुने शहर उद्ध्वस्त झाले तरी ते बव्हंशी उरले. पण याच कुळांचे दुसरे रूपही विसरायचे नाही. १३४९ साली उलरिख श्ट्रोमरने जर्मन राजाकडून ज्यूंची वस्ती पाडायची परवानगी मिळवली. ५ डिसेंबरला ५६२ ज्यू मारले गेले आणि त्या जागेवर मुख्य बाजारचौक उभा राहिला. वारसा म्हणून दाखवल्या जाणाऱ्या चौकाखाली हेही आहे.

तरीही ओल्डेनबुर्ग आणि इम्होफ यांतला फरक मला महत्त्वाचा वाटतो. इम्होफांना आपले शहर विकता येणार नव्हते, कारण ते त्यात राहत होते. ओल्डेनबुर्गांना दोन्ही गावे देऊन टाकता आली. १७७३ साली हुंटेकाठचे गेले, आणि १८४५ साली हुगळीकाठचे. तरंगमबाडी आणि सेरामपूर मिळून साडेबारा लाख रुपयांना ईस्ट इंडिया कंपनीने घेतले. सेरामपूरच्या गोस्वामी घराण्यातले रघुराम गोस्वामी हेही गाव विकत घ्यायला पुढे आले होते असे तिथले लोक सांगतात. खरेच तसे झाले असते तर गावावर निदान गावातल्या माणसाची मालकी आली असती.

विक्रीनंतर गाव तागाच्या गिरण्यांच्या गर्दीत मिसळून गेले. डॅनिश काळातल्या इमारतींत कचेऱ्या आल्या, काहींची छते बसली. नदीकाठचे १७८६चे डेन्मार्क टॅव्हर्न तर नुसत्या भिंतींवर आले होते. २००८ पासून डेन्मार्कच्या राष्ट्रीय संग्रहालयाने पश्चिम बंगालच्या वारसा आयोगाबरोबर इथे काम हाती घेतले. सेंट ओलाव्हचे छत आणि भिंती दुरुस्त झाल्या. २०१६ साली या कामाला युनेस्कोचा आशिया-प्रशांत वारसा पुरस्कार मिळाला. डेन्मार्क टॅव्हर्न २०१८ साली उपाहारगृह म्हणून उघडले. मला यातले मोल असे दिसते की चर्च चर्चच राहिले आणि खाणावळीची जागा पुन्हा खाणावळ झाली. काचेच्या कपाटात काही गेले नाही. बराकपूरच्या काठावर मात्र वास्तूंना असे त्यांचे मूळ काम परत मिळालेले नाही. तिथले गव्हर्नमेंट हाउस पोलीस प्रशिक्षणाच्या आवारात आहे, स्वातंत्र्यानंतर कलकत्त्याच्या चौकांतून उतरवलेले इंग्रज लाटसाहेबांचे पुतळे तिथे आणून ठेवले आहेत, लॉर्ड कॅनिंगचा अश्वारूढ पुतळा १८६१ साली वारलेल्या लेडी कॅनिंगच्या समाधीजवळ उभा आहे. बराकपूरला लोक ओळखतात ते २९ मार्च १८५७ला छावणीच्या मैदानावर उठलेल्या मंगल पांडेमुळे, आणि ते योग्यच आहे.

सेरामपूर कॉलेजची नदीकडे तोंड करून उभी असलेली मुख्य इमारत १८२१ची. तिचा ओतीव लोखंडाचा जिना आणि फाटक डेन्मार्कच्या राजाकडून भेट आले होते. त्याहून मोठी भेट कागदाची होती. २३ फेब्रुवारी १८२७ रोजी सहाव्या फ्रेडरिकने कॉलेजला पदव्या देण्याची सनद दिली. मुंबई, मद्रास आणि कलकत्ता ही विद्यापीठे निघायला अजून तीस वर्षे होती. गाव विकताना करारात ही सनद राखून ठेवली गेली. १९१८ साली बंगालच्या विधिमंडळाने कायदा करून ती चालू ठेवली. म्हणून आजही देशभरच्या अनेक ख्रिस्ती धर्मशास्त्र महाविद्यालयांच्या पदव्या सेरामपूरच्या सिनेटकडून मिळतात, आणि पुण्याच्या युनायटेड थिऑलॉजिकल सेमिनरीत शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्याच्या पदवीचा आधार शेवटी ओल्डेनबुर्ग घराण्यातल्या एका राजाची सही हाच असतो.